३ विजय, २३८ पराभव, १ गैरहजेरी

सुमोमधे पैलवानाचं अख्खं करिअर तीन आकड्यांत लिहितात, आधी विजय, मग पराभव, मग गैरहजेरी. हात्तोरीझाकुरा फुतोशीचे ते तीन आकडे आहेत ३, २३८ आणि १. सप्टेंबर २०१५ मधे तो उतरला आणि २०२१ च्या सप्टेंबर स्पर्धेच्या तोंडावर निवृत्त झाला, तेव्हा वय २३. मधली सगळी वर्षं एकदम तळातल्या डिव्हिजनमधे, जोनोकुचीत. लागोपाठ हरण्याचा विक्रम त्याच्याच नावावर आहे, आधी ८९ आणि मग स्वतःचाच तो विक्रम मोडून १०४. जगातला सगळ्यात वाईट सुमो पैलवान म्हणून त्याचे व्हिडिओ फिरतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण फिरवणाऱ्यांनी आकडा बघितलेला असतो पण तो आकडा तयार कसा होतो हे बघितलेलं नसतं. म्हणून हे एकच प्रकरण धरून सगळं नीट लिहायचं ठरवलं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे जत्रेच्या कुस्तीत कोण कितव्यांदा पडला याची वही कोणी ठेवत नाही. पाठ लागली, अंगावरची माती झटकली, पोरगं पुढच्या गावच्या जत्रेला मोकळं. सुमोत तशी सुटका नाहीये. सकाळी साडेआठच्या सुमाराला, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५ ला, जवळजवळ रिकाम्या हॉलमधे दोन कोवळी पोरं लढतात त्याचीही नोंद कायमची राहते, जिंकला की पांढरा गोल, हरला की काळा गोल. टोकियोचं कोकुगिकान साधारण ११ हजार माणसांचं आहे आणि त्या वेळेला आत शे-दोनशे लोक सुद्धा विखरून बसलेले असतात, तरी नोंद तीच, जी संध्याकाळी योकोझुनाच्या, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या पैलवानाच्या, मॅचची होते. हात्तोरीझाकुराच्या तक्त्यात वरपासून खालपर्यंत काळे गोल आहेत आणि मधे तीन पांढरे. पहिला मार्च २०१६, दुसरा २०१८, तिसरा जानेवारी २०१९.

आता सिस्टिम. सुमोत सहा डिव्हिजन, वरून माकुउची, जुऱ्यो, माकुशिता, सान्दानमे, जोनिदान आणि तळाला जोनोकुची. वर्षाला सहा स्पर्धा, जानेवारी मे सप्टेंबर टोकियोत, मार्चला ओसाका, जुलैला नागोया, नोव्हेंबरला फुकुओका. वरच्या दोन डिव्हिजनमधले रोज लढतात, १५ दिवसांत १५ मॅच, आणि पगारही त्यांनाच. २०१९ च्या वाढीनंतर जुऱ्योवाल्याला महिन्याला ११ लाख येन मिळत होते आणि जोनोकुचीवाल्याला दर स्पर्धेला, म्हणजे दोन महिन्यांतून एकदा, ७७ हजार येन भत्ता. राहणं खाणं तालमीत. खालचे चार डिव्हिजनवाले १५ दिवसांत फक्त ७ मॅच खेळतात, साधारण एकाआड एक दिवस, ४ जिंकल्या की प्रमोशन, ४ हरल्या की खाली. पण जोनोकुचीच्या खाली जायला जागाच नाही. तिथे ०-७ झालं तरी पैलवान लढायला आला एवढ्यावर पुढच्या क्रमवारीत, बांझुकेत, त्याचं नाव राहतं. पूर्ण स्पर्धा गैरहजर राहिला तर मात्र नाव कागदावरून उडतं आणि परत यायचं तर नव्या भरतीच्या पोरांबरोबर माएझुमो, म्हणजे क्रमवारीबाहेरच्या मॅच, खेळून यावं लागतं. म्हणजे तळातल्या माणसाला टिकून राहायची अट जिंकणं ही नाहीच, हजर राहणं ही आहे. हे कळलं की तिसरा आकडा, तो १, वेगळाच दिसायला लागतो. जवळजवळ सहा वर्षं, ३ आणि २३८ मिळून २४१ मॅचचे निकाल, आणि गैरहजेरीच्या रकान्यात एक.

बांझुकेवर जोनोकुचीवाल्यांची नावं इतकी बारीक लिहिलेली असतात की त्या ओळीला जपानी लोक भिंगच म्हणतात, मुशिमेगाने. ही सगळी नावं पंच लोक ब्रशने हाताने लिहितात, म्हणजे दर दोन महिन्यांनी कोणीतरी माणूस बसून ब्रशच्या टोकाने याचंही नाव लिहीत होता, आणि मला ही गोष्ट कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त लागते.

आता मुख्य मुद्दा, जो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २३८ पराभव म्हटलं की वाटतं याला बिचाऱ्याला राक्षसांपुढे टाकत असतील. तसं नाहीये, उलट आहे. खालच्या डिव्हिजनमधे जोड्या लावताना शक्यतो सारखं रेकॉर्ड असलेल्यांना एकमेकांसमोर आणतात. पहिली मॅच शेजारच्या रँकवाल्याशी, ती हरलास की दुसरी अशाच कोणाशी जो पहिली हरलाय, मग ०-२ वाला ०-२ वाल्याशी, असं करत शेवटी ०-६ वाल्यासमोर जमलं तर ०-६ वाला. म्हणजे ही पद्धत स्वतःहून दर वेळी त्याच्यासाठी सगळ्यात कमजोर माणूस शोधून आणत होती आणि तरीही तो हरत होता. हे लिहिताना मला अजिबात छान वाटत नाही पण आकड्याशी प्रामाणिक राहायचं तर हे सांगायलाच हवं, त्याचं रेकॉर्ड दिसतं त्याहून जास्त वाईट आहे, बरं नाही.

पण याच्यात दोन गाठी आहेत. एक म्हणजे एकाच तालमीतले पैलवान प्लेऑफ सोडून एकमेकांशी कधीच लढत नाहीत, आणि त्याच्या शिकिहिदे तालमीत खालच्या डिव्हिजनमधलीच पोरं जास्त होती. म्हणजे सरावात ज्यांच्याशी त्याचं बऱ्यापैकी जमलं असतं अशांपैकी काही जण कायमचे यादीतून बाद. दुसरी गाठ, जोनोकुची ही काही एकसारखी डिव्हिजन नाही. तिथे दोन महिन्यांपूर्वी शाळा सोडून आलेलं पोरगंही असतं, कॉलेजात सुमो खेळून आलेला तगडा गडीही असतो आणि वरून दुखापतीमुळे घसरत घसरत आलेला जुना खेळाडूही असतो. पहिल्या एक-दोन मॅचमधे यातलं कोणीही समोर येऊ शकतं. त्यात जपानमधे सुमोची भरतीच आटलीये, मे १९९४ मधे सगळे मिळून ९४३ पैलवान होते, आता सहाशेच्या आसपास. तळाची गर्दी कमी झाली की तळातला माणूस उघडा पडतो, पूर्वी शंभर जणांत लपला असता तो आता पन्नास जणांत दिसतो.

थोडं गणित करू, कारण या प्रकरणात गणित माणसाच्या बाजूने बोलतं. २४१ मॅचमधे ३ विजय म्हणजे १.२४ टक्के. आता लोक म्हणतात की शेवटच्या अडीच वर्षांत त्याने प्रयत्नच सोडले होते, नाहीतर १०४ लागोपाठ कसे हरेल. बरं, समजा त्याची जिंकायची शक्यता सहा वर्षं अगदी तीच राहिली, प्रत्येक मॅचला १.२४ टक्के, ना कमी ना जास्त. तर सलग १०४ मॅच हरण्याची शक्यता किती येते? प्रत्येक वेळी हरण्याची शक्यता ९८.७६ टक्के, ती १०४ वेळा गुणली की उत्तर येतं साधारण २७ टक्के. चारात एकदा. ८९ च्या मालिकेसाठी हेच ३३ टक्के, तिनात एकदा. म्हणजे या दोन्ही मालिका, ज्यांच्यावर एवढ्या बातम्या झाल्या, त्या त्याच्या नेहमीच्या सरासरीत सहज बसतात. शेवटी तो ढेपाळला असं आकड्यांवरून म्हणताच येत नाही. आता कोणी म्हणेल की मॅच काही नाणेफेक नाही, माणूस बदलतो, समोरचे बदलतात, ते मान्य आहे, पण मग प्रयत्न सोडले हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते, आणि नुसतं १०४ हा आकडा दाखवून ती पूर्ण होत नाही. २३८ मधून ८९ आणि १०४ वजा केले तर ४५ उरतात, ते पहिल्या विजयाच्या आधीचे आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधले. सगळीकडे एकच चाल आहे. सुरुवातीला जसा होता तसाच शेवटपर्यंत.

मग तो होता कसा? जुलै १९९८ चा जन्म, गाव चिगासाकी, कानागावा प्रांतात, समुद्रकिनारी. उंची चांगली, १८० सेंटीमीटरच्या आसपास, पण अंगावर मांसच नाही. सुमोची मॅच सुरू होते ती ताचिआईने, दोघं खाली बसून हात टेकवतात आणि एकाच क्षणी उसळून एकमेकांवर आदळतात. साडेचार मीटरचं वर्तुळ, त्यात जो आधी खाली आणि पुढे सरकला त्याचं अर्धं काम झालं. उंच आणि हलका माणूस त्या क्षणी उभाच राहतो, छाती उघडी पडते, समोरच्याचे दोन्ही हात थेट छातीवर येतात आणि मागे चार पावलं की दोर. बहुतेक मॅच दोन-तीन सेकंदांत संपायच्या. मग हरलेल्याने आपल्या बाजूला उभं राहून वाकून नमस्कार करायचा आणि खाली उतरून जायचं. जिंकलेला खाली उकिडवा बसतो, पंच हातातला पंखा त्याच्याकडे करून त्याचं नाव पुकारतो. हात्तोरीझाकुरासाठी हे तीनदा झालं.

सप्टेंबर २०१६ चा तो व्हिडिओ इथे टाळता येणार नाही. ताचिआईला तो समोरच्याला भिडण्याआधीच पुढे कोलमडला, हात मातीला. पंचाने मॅच परत सुरू करायला लावली, परत तेच. परत तेच. शेवटी तसाच हरला. व्हिडिओ जगभर गेला, लोक पोट धरून हसले, आणि मॅच मनापासून न खेळल्याबद्दल त्याला आणि त्याच्या वस्तादाला समज दिली गेली. खेळाच्या बाजूने बघितलं तर ती समज बरोबरच आहे, दोह्योवर, म्हणजे आखाड्यात, चढलास तर भिडायला पाहिजेस, त्यात माझं दुमत नाही. पण मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितलाय आणि मला तिथे आळस दिसत नाही, भीती दिसते. १८ वर्षांचं पोरगं आहे, शरीर पुढे जायला तयार नाहीये आणि मन ओढतंय, आणि मधल्यामधे ते पडतंय.

आणि ही भीती काही वेडगळ नव्हती. मार्च २०२१ मधे सान्दानमे डिव्हिजनचा हिबिकिऱ्यू नावाचा पैलवान मॅचमधे डोक्यावर पडला, काही मिनिटं तसाच पालथा पडून राहिला, आणि महिन्याभराने २८ एप्रिलला हॉस्पिटलमधे वारला. वय २८. त्यानंतर दोह्योजवळच्या डॉक्टरच्या सोयीवरून, पडलेल्याला मदत मिळायला एवढा वेळ का लागला यावरून जपानमधे खूप बोललं गेलं. जखमी होण्याचा धोका खालच्या डिव्हिजनमधे कमी नसतो, कारण तिथे ताकदीतला फरक जास्त असतो आणि पडायचं कसं हे शिकलेली पोरं कमी असतात. २०१६ मधे जो भिडायच्या आधीच पडत होता तोच माणूस मे २०२१ मधे त्याच खेळाच्या दोह्योवर परत चढला, सात वेळा नावाचा पुकारा झाला. त्याचा कोणी व्हिडिओ व्हायरल केला नाही.

त्याचा वस्ताद, म्हणजे शिकिहिदे ओयाकाता, हा पूर्वीचा किताझाकुरा. स्वतः माकुउचीपर्यंत गेलेला, सर्वोच्च रँक माएगाशिरा ९, म्हणजे माकुउचीतल्याच खालच्या गटात नववा. किताझाकुराची ओळख म्हणजे मीठ. मॅचआधी दोह्यो शुद्ध करायला मीठ उधळतात ना, हा मूठ भरभरून असं उंच उडवायचा की तेवढंच बघायला लोक थांबायचे. आता गंमत बघा, मीठ उधळायचा मान वरच्यांचा, खालच्या चार डिव्हिजनमधे, माकुशिताच्या वरच्या टोकाला वेळ उरला तर तेवढं सोडून, मीठ नसतंच. नाव पुकारलं, वर चढायचं, भिडायचं, उतरायचं. रेशमी लंगोट नाही, काळा सुती. तर मिठासाठी प्रसिद्ध असलेल्या वस्तादाच्या या शिष्याला सहा वर्षांत एक चिमूटही मीठ हातात घ्यायला मिळालं नाही. पण झाकुरा म्हणजे साकुरा, चेरीचा बहर, हा शब्द वस्तादाने आपल्या नावातून काढून त्याला दिला होता.

आणि ही तालीम मुळात कोणाची? इबाराकी प्रांतात ऱ्युगासाकी गावात ती सुरू केली ती ओशिओ नावाच्या पैलवानाने. ओशिओ कधी ओझेकी, म्हणजे योकोझुनाच्या लगेच खालचा, झाला नाही, योकोझुना तर लांबच, पण १९६२ ते १९८८ इतका काळ तो लढत राहिला आणि त्याचं रेकॉर्ड आहे ९६४ विजय, ९२७ पराभव, ३१ गैरहजेरी. जिंकले-हरले जवळजवळ सारखेच. विक्रम कशाचा तर एकूण लढलेल्या मॅचचा, १,८९१. म्हणजे जिच्या संस्थापकाचं नाव पुन्हा पुन्हा उभं राहण्यासाठी इतिहासात आहे अशा तालमीत हे पोरगं वाढलं. हा योगायोगच असेल, पण हात्तोरीझाकुरा दुसऱ्या एखाद्या तालमीत असता, जिथे सगळी मोजणी योकोझुनापासून सुरू होते, तर त्याला पहिल्या वर्षातच घरी पाठवलं असतं असं माझं मत आहे.

लोकांचंही हळूहळू बदललं. सकाळी सकाळी त्याच्या नावाला टाळ्या पडायला लागल्या, काही जण फक्त त्याच्यासाठी लवकर येऊन बसायचे. जपानी लोकांना हे नवीन नाही, कोचीच्या रेसकोर्सवर हारु उरारा नावाची घोडी होती, ११३ शर्यती पळाली आणि एकही जिंकली नाही, तिच्या नावाची तिकिटं लोक ताईत म्हणून गाडीत ठेवायचे. पण मला ही तुलना पूर्ण पटत नाही. घोडीला आपण हरतोय हे कळत नाही. याला कळत होतं, परत त्या संध्याकाळी तालमीत जाऊन वस्तादासमोर आणि बाकीच्या पोरांसमोर बसायचं होतं, आणि सुमोत अंघोळीचा, जेवणाचा नंबरसुद्धा रँकवर ठरतो, चान्कोच्या, म्हणजे तालमीतल्या जेवणाच्या, पातेल्यात तळाला जे उरेल ते शेवटी खालच्यांना.

शेवटच्या काळात त्याने नाव बदललं, शोनानझाकुरा सोता. शोनान हा त्याच्या गावाकडचा समुद्रकिनारा, पण लिहिताना पहिलं अक्षर मुद्दाम बदलून घेतलं, ज्याचा उच्चारही शो होतो आणि अर्थ होतो विजय. सुमोत नशीब बदलायला नाव बदलणं नेहमीचं आहे. या नावाने तो एकही मॅच जिंकला नाही. मधे कोविड आला, मार्च २०२० ची ओसाकाची स्पर्धा एकाही प्रेक्षकाशिवाय झाली, त्या टाळ्याही गेल्या, मेची स्पर्धा रद्दच झाली. जुलैला परत सुरू झाली आणि तो परत यादीत.

त्याची शेवटची स्पर्धा जुलै २०२१, नागोया. सुमो बघणाऱ्या कोणालाही ती स्पर्धा विचारा, सगळे एकच सांगतील, शेवटचा दिवस, योकोझुना हाकुहो आणि ओझेकी तेरुनोफुजी दोघंही १४-०, आणि हाकुहोने ती जिंकून आपलं ४५ वं अजिंक्यपद घेतलं. हाकुहोची ती शेवटची मॅच ठरली, ११८७ विजयांवर तो थांबला. त्याच १५ दिवसांत, त्याच मातीवर, सकाळच्या पहिल्या मॅचमधे शोनानझाकुरा लढत होता.

हा हाकुहो २००० मधे मंगोलियातून जपानला आला तेव्हा ६२ किलोचा होता. इतका हडकुळा की कुठलीच तालीम घ्यायला तयार नव्हती, परत जायची वेळ आलेली, ऐनवेळी एकाने घेतलं. मे २००१ मधे तो जोनोकुचीत पहिली स्पर्धा खेळला तिचं रेकॉर्ड आहे ३-४, म्हणजे हरलेलीच स्पर्धा. तीन विजय. त्या वेळी पहाटे कोणी ती बघितली असती तर त्या दोन मुलांमधे काय फरक दिसला असता हा प्रश्न मी बऱ्याचदा स्वतःला विचारतो. आकड्यात फरक दिसतो, चार काळ्या गोलांत तीन पांढरे आणि इथे सात काळे. पण ६२ किलोच्या पोराच्या अंगात पुढे काय भरणार आहे ते त्या तक्त्यात लिहिलेलं नव्हतं, आणि चिगासाकीच्या पोराच्या अंगात ते भरणार नाही हेही पहिल्या दोन-तीन स्पर्धांत कोणाला ठामपणे सांगता आलं नसतं. ते कळायला बाकीच्या सगळ्या मॅच खेळाव्या लागल्या.

नागोयात तो सगळ्या मॅच हरला. प्रत्येक वेळी आपल्या बाजूला उभा राहिला, वाकला, उतरला. सप्टेंबरची स्पर्धा सुरू व्हायच्या आत निवृत्तीची बातमी आली, आणि नोव्हेंबर २०२१ ची बांझुके लिहिणाऱ्याने भिंगाच्या त्या ओळीत त्याच्या जागी दुसऱ्या पोराचं नाव लिहिलं.